मदत हवी आहे: धिंगरीच्या ग्लुकन सिंथेज जीनचं सिक्वेन्सिंग मध्येच बिघडतंय

अनुजा_प्र: तिसऱ्यांदा तेच! धिंगरी अळिंबीत ग्लुकन बनवणाऱ्या एन्झाइमचा जीन वाचतेय. पीसीआरचा (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याचा) बँड एकच, स्वच्छ. सँगर सिक्वेन्सिंगमध्ये पहिले 310 बेस सुंदर, पुढे प्रत्येक जागी दोन-दोन पीक्स (आलेखातले उंचवटे, खरं तर एका बेसला एकच हवा). प्रायमर बदलले, पॉलिमरेज नवं आणलं. सोमवारी गाईडना दाखवायचंय. काय चुकतंय?

भूछत्र: डीएनए की सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए)? कशातून काढला?

हरितपान: टेम्प्लेट घाण असणार. अळिंबीत पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) फार. डीएनए सीटॅब या डिटर्जंटने काढा, माझं सगळं त्यानेच सुटलं.

भूछत्र: पॉलिसॅकराइडने पीसीआरच अडतो. 310 बेस नीट येऊन मग बिघडणं त्यातलं नाही.

अनुजा_प्र: जिनोमिक (पेशीतला मूळ) डीएनए, देठातून. त्याने काय फरक पडतो?

भूछत्र: सगळा फरक तिथेच आहे. देठ म्हणजे डायकॅरिऑन. पेशीत दोन पालकांची दोन केंद्रकं, म्हणजे जीनच्याही दोन प्रती. एकीत इंट्रॉनमधले (आरएनएमधून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यातले) दोन-चार बेस कमी असले की तिथून पुढे दोन्ही वाचनं सरकून एकमेकांवर बसतात. उलट्या प्रायमरने वाचा. त्या बाजूनेही याच जागेपर्यंत नीट आलं तर खात्री.

सकाळफिरती: बीटा ग्लुकनने कोलेस्टेरॉल उतरतं ना? पावडर किती घ्यावी?

प्रयोगवही: ते ओट्सचं, 1,3/1,4 जोडणीचं. अळिंबीचं 1,3/1,6. कृपया वेगळा धागा काढा.

हरितपान: मग सरळ सीडीएनए करा, इंट्रॉनच नको.

प्रयोगवही: सरकणं थांबेल, पण दोन्ही केंद्रकांचा आरएनए येतो, त्यामुळे तुरळक दुहेरी पीक्स राहणारच. त्यापेक्षा तुकडा प्लास्मिडमध्ये (जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएत) क्लोन करा. जिवाणूंच्या एका कॉलनीत एकच प्रत. आठ-दहा कॉलनी वाचा, कारण पीसीआरमध्ये दोन प्रती जोडून संकरित तुकडेही तयार होतात.

भूछत्र: वेळ असेल तर एकाच बीजाणूपासून कवकजाल वाढवा. सूक्ष्मदर्शकाखाली क्लॅम्प (डायकॅरिऑनच्या पेशींच्या जोडावरचे फुगवटे) दिसले नाहीत तर मोनोकॅरिऑन, म्हणजे एकाच प्रकारचं केंद्रक, मग एकच प्रत.

कवकप्रेमी: ई. कोलाय जिवाणूमध्ये हे एन्झाइम बनवायचं असेल तर सोडून द्या. दीड हजाराहून जास्त अमिनो आम्लं, पटलात रुतलेलं प्रथिन.

अनुजा_प्र: एन्झाइम नकोय, फक्त जीन हवाय. क्रोमॅटोग्रॅम (पीक्सचा आलेख) मोठा करून पाहिला. वरच्या ओळीत जे जीएटीसीए आहे तेच खाली तीन घरं आधी येऊन गेलंय! उलट्या प्रायमरचं जुनं वाचन पडून होतं, खराब म्हणून बाजूला टाकलेलं. तेही त्याच इंट्रॉनपाशी बिघडतं. उद्या सकाळी लिगेशन (तुकडा प्लास्मिडला जोडणं) लावते. भूछत्र, प्रयोगवही, मनापासून आभार.