मदत हवी आहे: गच्चीवर कबुतरांची ढाबळ, सासऱ्यांचा ताप उतरेना

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापूरचे. गच्चीवर भाऊजींची (धाकटे दीर) ढाबळ आहे, चाळीसेक कबुतरं, मला त्यातलं फार कळत नाही पण त्यांचा जीव आहे त्यांच्यावर. महिन्यापूर्वी बाजारातून दोन जोड्या आणल्या आणि त्याच दिवशी बाकीच्यांत सोडल्या. आठवड्यात एका मादीचा एकच डोळा पाणावून चिकट झाला, पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहायची, शी हिरवी पातळ. भाऊजी म्हणे हवा बदललीय. चौथ्या दिवशी मेली.

मग मामांनी (सासरे, वय ६७) मनावर घेतलं आणि अख्खी ढाबळ खराट्याने झाडली, कोरडीच, तोंडाला रुमालसुद्धा नाही, धुरळा इतका की खालच्या दोरीवरचे कपडे मी परत धुतले. त्यानंतर दहाव्या दिवशी थंडी वाजून १०२ ताप, डोकं फुटतंय म्हणतात, अंगदुखी, कोरडा खोकला. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीतलं अँटिबायोटिक दिलंय, आज चौथा दिवस, ताप गोळीपुरता उतरतो नि परत चढतो. डेंग्यू मलेरिया दोन्ही निगेटिव्ह.

काल रात्री वाचत बसले तर सिटाकोसिस नावाचा आजार सापडला आणि झोप उडाली. आम्ही डॉक्टरांना कबुतरांचं सांगितलंच नाही, त्यांनीही विचारलं नाही. आता सांगू का? उगाच शहाणपणा वाटेल का त्यांना? आणि घरात माझी पाच वर्षांची लेक आहे, तिला मामांकडून होईल का? भाऊजींपुढे विषय काढला की "वीस वर्षं पाळतोय, मला काय झालं?" एवढंच.

प्रतिसाद, सर्दीखोकला:
ताई, मी डॉक्टर आहे पण पेशंट न बघता निदान करणार नाही. एवढंच सांगतो, आजच फोन करा आणि ढाबळ, मेलेली मादी, झाडलेला दिवस, सगळं सांगा. यात शहाणपणा कसला, ही माहिती नसेल तर आम्ही साधा न्यूमोनिया समजून बसतो. सिटाकोसिसचा जंतू क्लॅमिडिया सिटासी, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासात जातो, लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांत दिसतात, तुमचा दहावा दिवस त्यात बसतो. तो पेशीच्या आत राहतो त्यामुळे पेनिसिलिनवाली औषधं त्यावर चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन लागतं. पण ते मनाने सुरू करू नका. छातीचा एक्सरे आणि घशाच्या स्वॅबची पीसीआर करायची का ते विचारा. धाप लागली किंवा असंबद्ध बोलू लागले तर थेट ॲडमिट. माणसाकडून माणसाला हा क्वचितच होतो, पण लेकीला गच्चीवर पाठवू नका.

प्रतिसाद, गिरेबाज:
मी पण कबुतरवाला, सांगलीचा. वहिनी, भाऊजींना सांगा की चांगली दिसणारी कबुतरंही हा जंतू शीतून टाकत असतात, आणि नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचा हा आमच्यातला नियम आहे, तो मोडलाय त्यांनी. अजून कुणाचा पंख लोंबतोय का, सांधा सुजलाय का बघा, ते साल्मोनेला असू शकतं आणि त्याने माणसाला जुलाब लागतात, म्हणून हात साबणाने. पशुवैद्याला दाखवाच. डॉक्सी दिलं तर पक्ष्यांना ४५ दिवस चालतं आणि तेवढे दिवस ग्रिट (कबुतरांना चारायचे बारीक खडे), शिंपले बंद, कॅल्शियमने औषध अंगी लागत नाही. झाडायचं तर आधी पाणी मारून भिजवायचं, एन ९५ लावायचा, मग खरवडायचं.

प्रतिसाद, दादरकर:
२०२५ मध्ये आमचा दादरचा कबुतरखाना (कबुतरांना दाणे टाकायची जागा) ताडपत्रीने झाकला तेव्हापासून व्हॉट्सॲपवर सगळे फुफ्फुसतज्ज्ञ झालेत. तिथली बरीचशी चर्चा कबुतरांच्या धुळीच्या ॲलर्जीची होती, तो जंतूचा आजार नाही आणि अँटिबायोटिकने जात नाही. दोन्ही गोष्टी एक करू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना फोन केला, अजिबात चिडले नाहीत, उलट आधी का नाही सांगितलंत म्हणाले. एक्सरे काढायला निघालोय, औषधही बदलणार आहेत. भाऊजींनी गिरेबाज यांचा प्रतिसाद दोनदा वाचला, बोलले काही नाहीत, पण नव्या जोडीसाठी पिंजरा खाली आणून ठेवलाय. खाली म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. आता तो कुठे हलवू तेही सांगा.