'अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्स': प्रयोगात माणूस हरवलाय का?

रातवा:
फ्लॅन ओब्रायन यांची १९३९ सालची ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचून संपवली. मत तेच राहिलं: कारागिरी थक्क करणारी, पण जीव लागेल असं कुणी भेटत नाही. डब्लिनमध्ये काकांकडे राहणारा एक विद्यार्थी कादंबरी लिहितोय. तिच्यात ट्रेलिस नावाचा लेखक आहे आणि त्याची पात्रं त्याला गुंगीचं औषध देऊन झोपवतात, कारण तो झोपला की त्यांना मनासारखं जगता येतं. सुरुवातच तीन वेगवेगळ्या आरंभांनी होते. पुढे आयरिश दंतकथांतला वीर फिन मॅककूल, वेडा राजा स्वीनी, काउबॉय, सगळे एकाच मांडवाखाली. पण फरिस्की हे पात्र जन्मतःच पंचवीस वर्षांचं! बालपणच नसलेल्या माणसाच्या सुखदुःखात मी कसा गुंतू? प्रयोग जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीतही आहेत, पण तिच्या नायकाला, ब्लूमला, आपला अकरा दिवसांत गेलेला मुलगा आठवतो तेव्हा गलबलून येतं.

पानगळ:
बालपण नसणं हेच तर फरिस्कीचं दुखणं आहे. ट्रेलिसने त्याला बायकांची अब्रू घ्यायलाच जन्माला घातलंय. त्याला मात्र साधा संसार हवाय, आणि मालक झोपला असताना तो पेगी या दुसऱ्या पात्राशी लग्न करतो. मला तर इथेच भरून आलं. विद्यार्थ्याचं म्हणणं असं की पात्रांना खाजगी आयुष्य, स्वयंनिर्णय आणि बऱ्यापैकी राहणीमान मिळालं पाहिजे. १९२२ला स्वतंत्र राज्य झालेल्या आयर्लंडमध्ये 'स्वयंनिर्णय' हा शब्द सतरा वर्षांत गुळगुळीत झाला नसणार. दुसऱ्याने लिहून दिलेलं आयुष्य नाकारायचं, हा या कादंबरीचा विषय आहे. तो सरळ गोष्टीत मावलाच नसता.

रातवा:
मग खटल्याचं काय? ट्रेलिसचाच मुलगा ऑर्लिक बापाविरुद्ध गोष्ट लिहायला बसतो आणि तिच्यात पात्रं बापावर खटला भरून त्याचा पानंच्या पानं छळ करतात. न्यायाधीश तेच, साक्षीदारही तेच. यात स्वातंत्र्य कुठे आलं? मला नुसता सूड दिसला, आणि लेखक त्यात नको इतका रमलाय.

पानगळ:
रमलाय, हे कबूल. तो भाग लांबलाच आहे. पण लेखणी हातात आल्यावर ही पात्रंही ट्रेलिससारखीच वागतात, हे दाखवायची हिंमत मला मोठी वाटते.

शेवाळ:
तुम्ही दोघंही स्वीनीला विसरलात. शापाने वेडा झालेला हा राजा पाखरासारखा झाडाझाडांवरून फिरतो, थंडीत कुडकुडतो, ओढ्याकाठचा पाला खातो. मध्ययुगीन आयरिशमधल्या त्या कविता ओब्रायन यांनी स्वतः इंग्रजीत आणल्या. त्यांच्या घरात आयरिशच बोलली जायची. शीर्षकही शॅनन नदीवरच्या एका जागेच्या आयरिश नावाचं शब्दशः भाषांतर. बाकीची पात्रं बडबडत असताना मधूनच स्वीनीचा विलाप ऐकू येतो, तेव्हा हसू घशातच राहतं.

आणि काका! पुतण्या खोलीत लोळत पडतो म्हणून कादंबरीभर कटकट करणारा हा माणूस, तो परीक्षा पास झाल्यावर त्याला एक जुनं मनगटी घड्याळ देतो. पुतण्या ओशाळतो. इतकी वर्षं ज्याला तुच्छ लेखलं त्याच्याबद्दल काय लिहावं, ते त्याला सुचेनासं होतं. त्यानंतरच तिकडे मोलकरीण ट्रेलिसचे, ज्यांवर ही पात्रं जगत होती ते कागद चुलीत टाकते आणि छळणारी पात्रं नाहीशी होतात. रातवा, माणूस शोधताय ना? मग ते घड्याळ पुन्हा बघा.

रातवा:
घड्याळाचं पान आत्ताच काढून वाचलं. तिथे मी चुकलो होतो. छळाच्या प्रकरणाबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे.