चर्चा : चौथ्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी विकत घ्यावीत का?

नाणेवेडा :
रोमन नाणी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ऑगस्टस किंवा टायबेरियस यांची सोन्या-चांदीची नाणी येतात आणि हा छंद आपल्या खिशाला झेपणारा नाही, असे परस्पर ठरून जाते. प्रत्यक्षात कॉन्स्टंटाइन, त्याचे मुलगे आणि पुढे व्हॅलेन्स या चौथ्या शतकातल्या सम्राटांच्या काळात ब्राँझची लहान नाणी साम्राज्यभरच्या टांकसाळींतून इतक्या प्रचंड संख्येने पाडली गेली, की युरोपात आजही एखादे वाचता येण्याजोगे नाणे साध्या हॉटेलातल्या जेवणाच्या किमतीत मिळते.

असे कॉन्स्टंटाइनचा मुलगा दुसरा कॉन्स्टँशियस याचे एक नाणे माझ्या संग्रहात आहे. आकाराने ते आपल्या रुपयाहूनही लहान आहे. दर्शनी बाजूस सम्राटाचे मस्तक असून मागच्या बाजूस एक सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतो आहे, आणि तो शत्रू मागे वळून हात वर करतो आहे. भोवती ‘फेल टेम्प रेपरातिओ’, म्हणजे सुखाचे दिवस परत आले, अशी घोषणा आहे. ही घोषणा ३४८च्या सुमारास सुरू झाली आणि ३५० मध्ये मॅग्नेंशियस या सेनापतीच्या बंडात याच सम्राटाचा भाऊ मारला गेला, हे लक्षात घेता तिच्यातला उत्साह जरा सरकारी वाटतो. तळाशी ‘एस एम के ए’ अशी चार अक्षरे आहेत. पहिली दोन ‘पवित्र टांकसाळ’ या अर्थाची, तिसरे आजच्या तुर्कस्तानातील, मार्मारा समुद्राच्या किनाऱ्यावरील सिझिकस (ग्रीकमध्ये किझिकोस) शहराचे आणि चौथे त्या टांकसाळीतल्या पहिल्या कार्यशाळेचे.

वस्तुसंग्रहालयांच्या कोठारांत अशी नाणी पोत्यांनी पडून असताना ती सामान्य माणसाने विकत घेऊन साफ करावीत, ओळखावीत आणि त्यांची नोंद ठेवावी, यात गैर काय आहे? करूर आणि मदुराई येथे सापडलेल्या उत्तरकालीन रोमन तांब्याच्या नाण्यांवर १९९४ मध्ये पुस्तक लिहिणारे आर. कृष्णमूर्ती हे मुळात वृत्तपत्राचे संपादक आणि नाणेसंग्राहक होते. हौशी माणसाने केलेले काम अभ्यासकांना उपयोगी पडते, याला आणखी वेगळा पुरावा नको.

पांढरीची माती :
आपण नाण्याचे वर्णन सुरेख केले आहे, परंतु त्यात एक गोष्ट नाही. ते नाणे सिझिकसला पाडले गेले हे नाण्यावरच लिहिलेले आहे, पण सोळाशे वर्षे ते कोणत्या मातीत होते, याबद्दल आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. माझा अंदाज असा, की ते आपल्याला सांगता येणार नाही, कारण विकणाऱ्यानेही ते सांगितलेले नसणार.

चौथ्या शतकातले ब्राँझचे नाणे एकटे असले तर त्याला फारसे मोल नाही. ते कोणत्या थरात, कोणत्या खापरांबरोबर, कोणत्या भिंतीच्या पायाशी सापडले, यावरून त्या भिंतीचे वय ठरते. ब्रिटनमध्ये रिचर्ड रीस यांनी निरनिराळ्या स्थळांवर सापडलेल्या अशाच किरकोळ नाण्यांची कालखंडवार मांडणी करून कोणती वस्ती कधी भरभराटीस आली आणि कधी ओसरली, याचा अंदाज बांधण्याची पद्धत रूढ केली. सोन्याच्या नाण्याची निदान बातमी तरी होते. स्वस्त नाणी मात्र न साफ केलेल्या अवस्थेत शेकड्याने विकली जातात आणि त्यांतली बरीचशी बाल्कन प्रदेशातून, रात्री धातू शोधणारे यंत्र (डिटेक्टर) घेऊन चोरून खणणाऱ्यांकडून आलेली असतात. अमेरिकेने २०१४ मध्ये बल्गेरियातून येणाऱ्या पुरातन वस्तूंवर, नाण्यांसह, आयातनिर्बंध घातले ते उगाच नव्हे.

कृष्णमूर्तींचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच करूर आणि मदुराई आहेत, म्हणजे नाणी कोठे सापडली हे ठाऊक होते, म्हणूनच ते काम उपयोगी पडले.

टेम्सकाठचा :
बाल्कनचा न्याय सगळ्या युरोपाला लावू नये. २०१० साली इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प या हौशी डिटेक्टरवाल्याला नाण्यांनी भरलेला रांजण लागला. ते काय आहे हे ध्यानात येताच त्यांनी खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यातून ५२,५०३ नाणी निघाली, आणि रांजण थराथराने रिकामा केल्यामुळे असे दिसले, की सर्वांत अलीकडच्या, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये सत्ता बळकावणाऱ्या कॅरौसियसच्या नाण्यांचा मोठा भाग वर नसून अर्ध्याहून खाली होता. म्हणजे ही कोणी वर्षानुवर्षे टाकत गेलेली पुंजी नव्हती. रांजण आधी पुरून मग त्यात नाणी ओतली असावीत आणि तो देवाला वाहिला असावा, असा तर्क त्यावरून पुढे आला. संग्रहालयाने त्यासाठी ३,२०,२५० पौंड मोजले. छंदाला बंदी असती, तर हा रांजण एक तर जमिनीतच राहिला असता किंवा गुपचूप विकला गेला असता.

येथील, म्हणजे इंग्लंडमधील, पुरलेल्या खजिन्यांविषयीच्या १९९६च्या कायद्यानुसार एकाच ठिकाणी दहा किंवा अधिक ब्राँझ नाणी मिळाली तर ती कळवावीच लागतात. सुट्या नाण्यासाठी सक्ती नाही, पण स्वेच्छेने नोंद करण्याची सरकारी योजना आहे आणि तिच्यात लाखो वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. असे नोंदक्रमांक असलेले नाणे जो विकत घेतो, त्याला चोराचा साथीदार कसे म्हणायचे?

पांढरीची माती :
त्याला मी म्हणत नाही. परंतु फ्रोममधून काय कळले ते आपणच लिहिले आहे: रांजण न उपसता थराथराने रिकामा केला म्हणून कळले. तीच नाणी पन्नास-पन्नासच्या पुड्यांत विकली गेली असती, तर देवाला वाहिल्याचा तर्क कोणाच्या मनातही आला नसता. शिवाय नोंदक्रमांकासह विकली जाणारी नाणी बाजारात किती दिसतात?

हिशेबनीस :
तत्त्वाची चर्चा चालू द्या. भारतात राहणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक मुद्दे मांडतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातून आणलेला संग्रह उद्या तिकडच्या लिलावात विकू, अशी आशा कोणी बाळगू नये. दुसरे म्हणजे मुंबई-कोकणातली दमट हवा. ब्राँझमध्ये क्लोराइड मुरलेले असले, की नाण्यावर फिकट हिरवी, नखाने सहज निघणारी भुकटी येते आणि नाणे आतून खाल्ले जाते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलशिवाय अशी नाणी कपाटात ठेवणे म्हणजे ती हळूहळू गमावणे आहे.

नाणेवेडा :
माझे ते नाणे कोठून निघाले हे मला माहीत नाही, हा अंदाज बरोबर आहे. तरीही संग्रह सोडावा असे मला वाटत नाही. ते नाणे मी परत केले तर कोणाला करायचे, तुर्कस्तानला की बल्गेरियाला, हेही कोणी सांगू शकत नाही. न साफ केलेल्या नाण्यांच्या पुड्या मात्र यापुढे घेणार नाही. टेम्सकाठचा, नोंदक्रमांक देणारे विक्रेते आपल्या माहितीत असल्यास त्यांना विचारण्याची रीत काय, पावतीवर नेमके काय लिहून घ्यावे, हे येथेच सविस्तर लिहावे, ही विनंती.