शब्दचर्चा: ‘पुरावा’, ‘प्रमाण’ की ‘गुण’?

शेंगाचटणी: कोविडमध्ये संशोधन बघून उपचार कसे ठरत गेले, यावर आशाताईंसाठी माहितीपत्रक लिहितोय. ‘पुराव्यावर आधारित’ लिहू की ‘प्रमाणाधिष्ठित’? आमच्या सोलापुरात पुरावा म्हटलं की लोकांना कोर्ट नाहीतर रेशनकार्ड आठवतं.

कडक भाकरी: ‘प्रमाण’ नकोच. न्यायदर्शनात, ‘खरं ज्ञान मिळवायचं साधन’ या अर्थी, तो चपखल असेल, पण ‘प्रमाणाधिष्ठित उपचारांनी मृत्यूचं प्रमाण घटलं’ हे वाक्य एकदा मोठ्यानं वाचून बघा.

पूर्वभाग: मग ‘गुण’ का नको? ‘त्या औषधाचा गुण आला’ असं आपल्याकडे सगळेच म्हणतात.

कडक भाकरी: गोची तिथंच आहे. गुण येतो एकेकाला. तो माणूस औषधानं उठला की आपसूक बरा होणारच होता, हे ‘गुण’ सांगत नाही. प्लाझ्माचं आठवा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला द्यायचा तो उपचार. दात्यांसाठी किती धावाधाव झाली, गुण आल्याचे किस्सेही होते. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांचे दोन गट केले: एकाला नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा, दुसऱ्याला नुसते नेहमीचे उपचार. कोण कुठल्या गटात, हे नशिबावर सोडलं. प्लाझ्मानं आजार बळावायचा थांबला नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. हे 2020 मध्येच कळलं होतं, तरी उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा गेला मे 2021 मध्ये! उलट डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा नाही. ‘कुणाला’ हे ‘गुण’ या शब्दात मावत नाही.

शेंगाचटणी: म्हणजे ‘पुरावा’च. आणि ‘पुरावा नाही’ कसं लिहायचं?

कडक भाकरी: जपून. ‘उपयोग होतो असा पुरावा अजून नाही’ आणि ‘उपयोग होत नाही असा पुरावा आहे’ ही दोन वेगळी वाक्यं. प्लाझ्माला दुसरं वाक्य लागू होतं. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ व्हायची.

पूर्वभाग: औषधांचं ठीक. पण ‘वेगळ्या खोलीत राहा’ या सल्ल्याचं काय? आमच्याकडं बिडी कामगारांच्या घरात एकाच खोलीत बिडी वळणं, स्वयंपाक, झोपणं. रुग्णालयात जमलेला पुरावा त्या घराला तसाच लागू पडत नाही. पत्रकात ‘पुरावा कुठला, कुणाबद्दलचा’ असा रकाना ठेवा. आणि ‘अलगीकरण’, ‘विलगीकरण’ दोन्ही लिहा, पण पुढं एका ओळीत फरक सांगा: संपर्कात आलेल्यांना अलगीकरण, बाधिताला विलगीकरण. गल्लीत सगळ्यालाच ‘क्वारंटाईन’ म्हणायचे.

शेंगाचटणी: रकान्याची सूचना घेतली. ‘पुरावा’ नक्की.

पूर्वभाग: आमच्याकडं आशाताई निम्मं तेलुगूत बोलणार, तिथं पुराव्याला ‘रुजुवु’ म्हणतात. मराठीतली ‘रुजुवात’ आठवते ना, नक्कल अस्सलाशी ताडून बघायची? कानडीत तर ‘पुरावे’ म्हणजे पुरावाच. तेव्हा कानडी बोलणाऱ्या अक्कलकोटकडं हेच पत्रक बिनधास्त पाठवा.