गोल्फ रेंजची टी मार्चमध्येच उघडी पडली, पावसाळ्याआधी भरेल का?

टी_पुणे: प्रॅक्टिस टी (जिथून चेंडू मारतात ती गवताची जागा) १,२०० चौरस मीटर, गवत टिफवे ४१९ ही संकरित हरळी. वर वाळूमिश्रित थर, खाली काळी माती. रोज ५०-६० जण मारतात. थंडीत वाढ थांबली आणि मधला पट्टा पार उघडा पडला. डिव्हॉटमध्ये (फटक्याने गवत उडून झालेल्या खड्ड्यात) क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, भरतो, ती घट्ट बसते. हरळीचं बी टाकू का? एअरेशन (जमिनीला भोकं पाडणं) आता की जूनमध्ये? खत किती?

रनर: बी नको. ४१९ वांझ आहे, तिला बी धरतच नाही. बाजारात मिळतं ते साध्या हरळीचं. फिकट, जाड पानांचे ठिपके उमटतील आणि पुढे ते वेगळे काढता येणार नाहीत. त्यापेक्षा फेअरवेवर (खेळाच्या मुख्य गवती पट्ट्यावर) व्हर्टिकट मारा, म्हणजे उभ्या पात्यांनी गवत कापा, निघालेले रनर (जमिनीवर पसरणारी खोडं) ओल्या गोणपाटात ठेवून त्याच दिवशी लावा. प्रत्येक तुकड्याला २-३ पेरं हवीत, एक टोक वर राहू द्या. पहिले १०-१२ दिवस दिवसातून चार-पाच वेळा हलकं पाणी, नंतर अंतर वाढवा. आणि तिथे पेंडिमेथॅलिन हे तणनाशक फवारू नका. तण थांबेल, पण रनरची नवी मुळंही जमिनीत शिरणार नाहीत.

वाळू_आणि_विळा: क्रश सँडमधली भुकटीच बसते. चाळलेली, धुतलेली वाळू घ्या, बहुतेक कण पाव ते एक मिमीचे. काचेच्या बरणीत पाण्यासोबत हलवून ठेवा. वर गाळाचा जाड थर दिसला तर गाडी परत पाठवा. डिव्हॉट काठोकाठच भरा. ढीग राहिला की मोअरच्या रीलची (फिरत्या पात्यांची) धार जाते, खड्डा राहिला की कडेचं गवत सोललं जातं.

एअरेशन आताच. मातीत १० सेमी खोलीवर सकाळी १८ अंश तापमान दिसले की हरळी जोरात चालते, आणि मार्चच्या मध्यापर्यंत पुण्यात तो आकडा मागे पडलेला असतो. जूनमध्ये टाइन (भोकं पाडणाऱ्या मशीनच्या सळ्या) काळ्या मातीपर्यंत गेल्या, तर ओली माती भोकाच्या भिंतींना लिंपते आणि पाणी आत मुरत नाही. १२ मिमी हॉलो (पोकळ) टाइन, ७.५ सेमी खोल, ५ सेमी अंतर. ही भोकं पूर्ण भरायलाच ४ घनमीटर, म्हणजे जवळपास दीड ब्रास वाळू लागते. एक ब्रास मागवून वर पातळ पसरणारे बरेच, मग भोकं अर्धी रिकामी राहतात. नवे रनर लावलेल्या जागेवर मात्र मशीन नको.

खत: चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र. अमोनियम सल्फेट असेल तर सगळ्या टीला २९ किलो. कोरड्या पानावर टाका आणि लगेच ५-६ मिमी पाणी द्या, नाहीतर पानं करपतात. पाणी मोजायला चार रिकामे डबे पुरतात.

टी_पुणे: पण रनर रुजेपर्यंत टी पूर्ण बंद ठेवणं जमणार नाही. दुसरा मार्ग?

रनर: मग दोर बांधा. तीन पट्टे करा, एक चालू, दोन विश्रांतीला, आणि किमान ३ आठवडे तिथे पाऊल नाही. उघडा मधला पट्टा पहिल्यांदा बंद, त्याला आणखी जास्त वेळ द्या. तोवर रोजची गर्दी मॅटवर वळवा, गवत फक्त ठरावीक दिवशी. खेळणाऱ्यांना एक पाटी लावा: चेंडू मागच्या डिव्हॉटच्या लगेच मागे, एका सरळ रेषेत, दोन रेषांत १० सेमी हिरवं राखा. विखरून मारलं की प्रत्येक फटक्याला पूर्ण नवा तुकडा जातो. रेषेत मारलं तर दोन्ही बाजूंनी हरळी आत सरकते. मार्कर (कुठून मारायचं ते दाखवणाऱ्या खुणा) रोज सकाळी माळ्यानेच हलवावेत, खेळणाऱ्यांवर सोडू नका.