प्रिमच्या मृत्यूचा दोष गेलवर किती टाकायचा?

रानवाट:
सुझान कॉलिन्स यांच्या 'हंगर गेम्स' मालिकेतला 'मॉकिंगजे' हा २०१० सालचा तिसरा भाग मी नुकताच पुन्हा वाचला, आणि नायिका कॅटनिसचा जिवलग मित्र गेल हॉथॉर्न याच्याशी माझे जुने भांडण पुन्हा सुरू झाले. ज्यांनी शेवट वाचलेला नाही त्यांनी इथेच थांबावे, कारण पुढचे सगळे शेवटाबद्दलच आहे.

प्रसंग थोडक्यात असा. कॅपिटॉल ही राजधानी दरवर्षी डिस्ट्रिक्ट नावाच्या प्रांतांतली मुले सोडतीने निवडून आखाड्यात मरेपर्यंत लढवते, हेच हंगर गेम्स. त्याविरुद्ध उठलेले बंडखोर आता कॅपिटॉलमध्ये शिरले आहेत आणि अध्यक्ष स्नोच्या प्रासादासमोर लहान मुलांना कुंपणात उभे केले आहे. कॅपिटॉलचे चिन्ह असलेले विमान येते आणि त्यातून चंदेरी पॅराशूट खाली येतात. खेळाच्या आखाड्यात अशाच पॅराशूटमधून अन्न आणि औषध यायचे, त्यामुळे मुले हात पुढे करतात. काही पॅराशूट फुटतात. जखमींना उचलायला बंडखोरांचेच वैद्यकीय पथक धावते आणि तेवढ्यात उरलेले पॅराशूट फुटतात. त्या पथकात कॅटनिसची तेरा वर्षांची बहीण प्रिम असते.

आधी एक स्फोट, मग मदतीला धावणाऱ्यांसाठी दुसरा, ही रचना वाचकाने आधीच पाहिलेली आहे. बंडखोरांच्या तळावर, डिस्ट्रिक्ट १३ मध्ये, गेल आणि शास्त्रज्ञ बीटी कागदांवर वाकून नेमकी हीच आखत होते, आणि कॅटनिसने तेव्हाच विचारले होते की यात काहीतरी मर्यादा ओलांडली जात नाही का. गेलचे उत्तर असे की कॅटनिसबरोबर खेळात उतरलेल्या पीटाचे डोके फिरवताना स्नोने जे नियम पाळले तेच नियम आपण पाळतो आहोत.

तो विशिष्ट बॉम्ब गेलचाच होता की नाही हे पुस्तक सांगत नाही, आणि माझ्या मते त्याने फरकही पडत नाही. गेल हा सैनिक होण्याआधी फासे लावणारा शिकारी आहे. पहिल्या भागातले त्याचे फासे आठवा: पकडलेले जनावर वर फांदीला उचलले जाईल आणि दुसऱ्या श्वापदाच्या तोंडी लागणार नाही, इतका पुढचा विचार करून बांधलेले. असे फासे बांधणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बाण मारताना समोर कोण आहे ते दिसते. फास लावला की आपण घरी जातो, आणि त्या वाटेने जो येईल तो अडकतो. सशासाठी लावलेल्या फासात शेजाऱ्याचे कुत्रेही सापडते. हे ज्ञान कॅपिटॉलमधल्या एखाद्या अभियंत्याला नसेल तर मी समजू शकते. गेलला ते होते, आणि तरीही त्याने फासाच्या तोंडाशी आमिष म्हणून माणसाची करुणा बांधली. करुणेच्या वाटेने प्रिमच येणार होती. तिच्याइतके त्या वाटेने चालणारे त्या पुस्तकात दुसरे आहे कोण?

तिसरी घंटा:
रानवाट, फासाची तुलना वाचायला चांगली आहे, पण तिच्या आधारे तुम्ही एका मुलाला सुळावर चढवत आहात. मालिका सुरू होते तेव्हा गेल अठरा वर्षांचा आहे. खाणीतल्या स्फोटात वडील गेल्यावर आई आणि तीन धाकट्या भावंडांसाठी तो वर्षानुवर्षे धान्याच्या बदल्यात स्वतःचे नाव सोडतीत वाढवत गेला. शेवटच्या सोडतीत त्याच्या नावाच्या बेचाळीस चिठ्ठ्या होत्या, कॅटनिसच्या वीस. 'कॅचिंग फायर'मध्ये चोरून मारलेल्या एका रानटर्कीपायी त्याची पाठ चाबकाने सोलून निघते. पुढे त्यांच्या डिस्ट्रिक्ट १२ वर बॉम्ब पडतात तेव्हा सुमारे आठ हजारांच्या वस्तीतून जे काही शेकडो लोक कुंपणापलीकडच्या रानात पोहोचतात, ते गेलमुळे पोहोचतात. त्यांत प्रिम आणि तिची आईही होती. प्रिमला एकदा मृत्यूच्या दाढेतून काढणारा माणूस तोच, हे दोषारोपपत्रात कुठेतरी लिहा.

आता जबाबदारीचे बोलू. विमान पाठवण्याचा निर्णय गेलचा नव्हता. गुलाबांच्या काचघरात स्नो कॅटनिसला सांगतो की आपल्याकडे उडवता येण्यासारखे विमान असते तर आपण ते पळून जायला वापरले असते. आणि स्नो कितीही नीच असला तरी ते वाक्य हिशेबाला बरोबर बसते. निर्णय डिस्ट्रिक्ट १३ ची अध्यक्ष आणि बंडखोरांची नेता कॉइन हिचा होता. शिवाय डिस्ट्रिक्ट १३ मध्ये चौदाव्या वर्षापासून माणूस सैनिक म्हणवला जातो. प्रिम तेरा वर्षांची होती. तिला आघाडीवर पाठवण्याचा हुकूम कोणीतरी फार वरच्याने दिला असणार, हे कॅटनिसलाही जाणवते. कोणत्या मुलीच्या मृत्यूने मॉकिंगजे, म्हणजे बंडाचे प्रतीक झालेली कॅटनिस, मोडेल हे कॉइनला पक्के माहीत होते. गेलचा नकाशा नसता तर तिने दुसरा शोधला असता.

आणि एक प्रश्न मला दर वेळी छळतो: बीटीवर असा धागा कधीच का निघत नाही? तो प्रौढ आहे, आखाड्यातून जिवंत परतलेला आहे, विजेच्या तारेचा सापळा ही त्याची खास विद्या आहे, आणि त्या कागदांवर त्याचाही हात आहे. पण तो चष्मा लावणारा, मवाळ आवाजाचा शास्त्रज्ञ, म्हणून सुटतो. गेल तापट आणि देखणा, म्हणून सापडतो.

घुग्घुसकर:
मी गेलच्या विरोधात आहे, पण प्रिममुळे नाही. प्रिमचा मृत्यू इतका मोठा आहे की त्याच्या धुरात त्याआधीचे प्रकरण दिसेनासे होते. माझ्या दृष्टीने गेलचा खरा निकाल 'नट'पाशी लागतो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: डिस्ट्रिक्ट २ मधला तो डोंगर पोखरून कॅपिटॉलने आत लष्करी तळ केलेला आहे. तळ जिंकता येत नाही, तेव्हा डोंगराच्या उतारांवर बॉम्ब टाकून दरडी पाडायच्या आणि तोंडे बुजवायची, ही कल्पना गेलची. आत कॅपिटॉलचे लोक आहेत तसे स्थानिक कामगारही आहेत आणि बंडखोरांचे हेरही. हेरांचा विषय निघतो तेव्हा गेल म्हणतो की त्यांच्या जागी मी असतो तर दरडी पाडा असेच म्हणालो असतो. चौकाकडे येणारा रेल्वेचा बोगदा उघडा राहतो तो इतरांनी आग्रह धरला म्हणून.

माझे वडील चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत कोळसा खाणीत पाळीवर जायचे. भोंगा ठरलेल्या वेळी वाजला की आमच्या वस्तीत कोणी मानही वर करत नसे. अवेळी वाजला की बायका हातातले टाकून फाटकाकडे निघत. एकदा आई कणकेच्या हातानेच गेली होती. परत आली तेव्हा ती कणीक बोटांवर वाळून भेगाळली होती, आणि त्या दिवशी आमच्या खाणीत तर काही झालेही नव्हते. १९७५ च्या डिसेंबरमध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून ३७५ माणसे गेली. मी तेव्हा जन्मलेलोही नव्हतो, तरी तो आकडा मी पाढ्यांसारखा पाठ ऐकलेला आहे. खाणीत बाप गेलेल्या मुलाच्या कानात तो भोंगा जन्मभर राहतो. कॅटनिसच्या कानात तो आहे. नटचा प्रस्ताव ऐकताच तिला वडील आठवतात. गेलचा बाप त्याच स्फोटात गेला होता आणि तरीही तोंडे बुजवण्याची कल्पना नेमकी त्याच्याकडून येते.

त्यामुळे तिसरी घंटा यांचा वयाचा आणि दुःखाचा युक्तिवाद मला पटत नाही. तेच वय आणि तेच दुःख कॅटनिसकडेही आहे.

कातरवेळ:
तुम्ही तिघेही गेलला खरा माणूस धरून चालला आहात. जरा लेखिकेच्या हाताकडेही पाहा. संपूर्ण मालिका कॅटनिसच्या तोंडून आहे. गेल काय विचार करतो हे आपल्याला एकदाही आतून कळत नाही. दोन भागांत लेखिकेने वाचकाला पीटा की गेल या प्रश्नात गुंतवले आणि तिसऱ्या भागात तिला त्यातून बाहेर पडायचे होते. कॅटनिसला निवड करायला लावली असती तर अर्धे वाचक तिच्यावर रागावले असते. मग गेलच्या हातात असा बॉम्ब द्यायचा की निवडीचा प्रश्नच संपतो. बळीचा बकरा बाहेरच्या जगात शोधायला नको, तो कथानकातच बांधलेला आहे. शेवटी डिस्ट्रिक्ट २ मध्ये त्याला चांगलीशी नोकरी लागल्याचे एका ओळीत उरकून तो पुस्तकातून हद्दपार होतो. ज्याच्याबरोबर नायिका वाढली त्याला इतकी कंजूष विदाई?

आणि नैतिकतेचे माप लावायचेच असेल तर सगळ्यांना लावा. कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन शेवटचे हंगर गेम्स भरवावेत का, असे कॉइन उरलेल्या सात विजेत्यांना विचारते तेव्हा पीटा, अ‍ॅनी आणि बीटी नाही म्हणतात. जोहाना, एनोबारिया, कॅटनिस आणि तिचा मार्गदर्शक हेमिच हो म्हणतात. चार विरुद्ध तीन. गेल त्या खोलीत नव्हताच.

रानवाट:
कातरवेळ, कॅटनिसच्या त्या होकाराला मी गेलच्या बॉम्बशेजारी ठेवणार नाही. मत देण्याआधी तिच्या मनात येते की पंचाहत्तर वर्षांपूर्वीही असेच काही लोक खोलीत बसले असतील आणि त्यांनी असेच मतदान केले असेल. एवढे लख्ख दिसल्यावर ती हो म्हणते, आणि मग हेमिचकडे पाहते, कारण तो आपल्याला किती ओळखतो हे आता कळणार आहे. कॉइनला बेसावध ठेवण्यासाठी केलेली ती खेळी आहे असे मी वाचते. तिने ती नंतरही कोणाला समजावून सांगितली नाही, त्यामुळे तुम्ही उलट वाचू शकता हे मान्य.

प्रेमत्रिकोणाबद्दल मात्र तुमचे म्हणणे मला उथळ वाटले, राग मानू नका. गेल शेवटच्या भागात अचानक बदलतो असे कुठे आहे? पहिल्याच भागात, सोडतीनंतर कॅटनिसचा निरोप घेताना, माणूस मारणे आणि जनावर मारणे यांत असा कितीसा फरक असणार असे तो म्हणतो, आणि तिच्या अंगावर काटा येतो, कारण तो खरे बोलतो आहे. बॉम्बचे बी तिथे पेरलेले आहे.

घुग्घुसकर, तुमच्या आईच्या हातावरची ती कणीक माझ्या डोक्यातून जाणार नाही. नटचा प्रसंग मी प्रिमच्या घाईत खरोखरच उडत वाचला होता. बीटीबद्दल तिसरी घंटा यांचे बरोबर आहे. त्याला मी सोडून दिले होते. पण शेवटच्या मतदानात बीटी नाही म्हणतो. कुठेतरी त्याला स्वतःच्या कागदांची भीती वाटली असावी.

तिसरी घंटा:
बीटीला एका 'नाही'वर तुम्ही सोडता आणि गेलला ते 'नाही' म्हणायची जागाच मिळत नाही, हे चालेल?

घुग्घुसकर, तुमच्या अनुभवापुढे मी वाद घालणार नाही, पण एक सुचवतो. तोच भोंगा दोन मुलांना दोन गोष्टी शिकवू शकतो. एकीला वाटते, पुन्हा कोणी आत गाडले जाऊ नये. दुसऱ्याला वाटते, या वेळी ते गाडले जावेत. आपल्याकडे अश्वत्थाम्याचे उदाहरण समोर आहे: बाप कपटाने मारला गेला म्हणून त्याने द्रौपदीची मुले झोपेत कापली आणि शेवटी जे अस्त्र सोडले ते त्याला परत घेता येत नव्हते. त्याला शिक्षा झाली आणि ती योग्यच होती. पण आपण त्याच्या कपाळावरची जखम सांगताना त्याच्या बापाला कसे मारले तेही सांगतो. गेलच्या बाबतीत तेवढेही कोणी करत नाही.

घुग्घुसकर:
अश्वत्थामा ओढूनताणून आणला आहे. त्याला कोणाला मारतो आहोत हे अंधारात नेमके कळले नव्हते असे मानले तरी मारायचे होतेच. गेलला प्रिमला कधीच मारायचे नव्हते. म्हणून तर त्याचे प्रकरण अवघड आहे.

मला पुन्हा उघडून पाहावेसे वाटले ते एकच पान. स्नोला देहदंड देण्याच्या आधी गेल कॅटनिसला भेटायला येतो तेव्हा त्याच्याजवळ एका भात्यात एकच साधा बाण असतो, युद्धातला शेवटचा बाण म्हणून तिने सोडायचा. ती विचारते, तो तुझा बॉम्ब होता का. तो म्हणतो, मला माहीत नाही, बीटीलाही नाही, आणि त्याने काय फरक पडतो, तुझ्या मनात ते कायम येतच राहणार. तो थोडा वेळ थांबतो. ती नाकारील अशी त्याला आशा असते. ती नाकारत नाही. मग आपल्याजवळ एवढी एकच जमेची बाजू होती, तुझ्या घरच्यांना सांभाळणे, असे काहीसे म्हणून तो नेम नीट धर सांगतो आणि निघून जातो.

तिसरी घंटा, त्याला बोलायला जागा मिळत नाही असे तुम्ही म्हणता. ती जागा इथे आहे, आणि तो स्वतःची बाजू मांडत नाही. वय सांगत नाही, बाप सांगत नाही, कॉइनचे नाव घेत नाही. माझा त्याच्यावरचा राग नटपाशी आहे तसाच राहील, पण या पानावर तो मला खरा वाटतो. आणि तो देऊन गेला तोच बाण ती थोड्या वेळाने स्नोवरून हटवून वर सज्जात उभ्या असलेल्या कॉइनवर सोडते.