मदत हवी आहे: बॉयलरचं प्रेशर दर दोन दिवसांनी उतरतंय आणि आईच्या खोलीतला रेडिएटर गारच राहतोय

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात कॉम्बी बॉयलर (रेडिएटरही तापवणारा आणि नळाला गरम पाणीही देणारा) वापरणाऱ्यांची, त्यातही स्वतः थोडीफार खटपट केलेल्यांची मदत हवी आहे.

आम्ही लीड्सला राहतो. घर १९३०च्या सुमाराचं, सेमी-डिटॅच्ड, एकूण नऊ रेडिएटर. बॉयलर आधीच्या मालकांनी बसवलेला, अकरा वर्षांचा, स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे. नोव्हेंबरात साताऱ्याहून आई आली आहे. गुडघ्यांमुळे तिला जिना नको, म्हणून खालची मागची खोली तिला दिली, आणि नेमका त्याच खोलीतला रेडिएटर तापत नाही.

अडचणी अशा. रविवारी मी बॉयलरखालच्या चंदेरी विणीच्या नळीने पाणी भरून प्रेशरचा काटा १.३ बारवर (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) आणते. मंगळवारी सकाळी तो ०.४ वर असतो आणि बॉयलर बंद पडलेला असतो. हे गेले पाच आठवडे चालू आहे. गळती शोधायला सगळ्या रेडिएटरांखाली, पाइपांच्या जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून पाहिले. सगळे कोरडे. छतावरही कुठे ओल नाही.

आईच्या खोलीतला रेडिएटर वरून खालपर्यंत गार असतो. किल्लीने हवा काढून पाहिली, लगेच पाणीच आलं.

आणि गेल्या गुरुवारी बाहेर उणे पाच होतं, तेव्हा पहाटे बॉयलरमधून गुळगुळ आवाज आला आणि तो बंद पडला. दुपारी ऊन आल्यावर रीसेट केला तर चालू झाला.

एका गॅसवाल्याला बोलावलं होतं. त्याने पाणी भरलं, वीस मिनिटांत निघाला आणि बॉयलर म्हातारा झालाय, नवीन बसवा म्हणाला. बसवायचाच असेल तर बसवू, पण नक्की काय बिघडलंय हे कळल्याशिवाय एवढे पैसे घालायला मन धजत नाही.

आई तक्रार करत नाही, तेच जास्त लागतं. विचारलं की “मला नाही गं वाजत” म्हणते. परवा पहाटे पाचला पाणी प्यायला खाली आले तर ती स्वयंपाकघरात शाल पांघरून, नुकत्याच उकळलेल्या किटलीभोवती हात धरून बसली होती. तेलाचा इलेक्ट्रिक हीटर त्याच दिवशी आणला, पण तो रात्रभर चालू ठेवायला ती तयार नाही. कोणी काही सुचवू शकेल का?

प्रतिसाद १

ताई, या तीन अडचणी एकाच बिघाडाच्या नाहीत असं मला वाटतं. एकत्र बघितल्या की बॉयलर गेला असं वाटतं. आधी प्रेशरचं बघू.

तुम्ही फक्त सकाळचे, गार असतानाचे आकडे दिलेत. मला गरम असतानाचा आकडा हवा आहे. हीटिंग पूर्ण गार असताना काटा १.३ वर आणा, मग सुरू करून तासाभराने सगळं कडकडीत तापल्यावर पुन्हा बघा. दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवा.

दुसरं, बॉयलर ज्या भिंतीवर आहे तिच्या बाहेरच्या बाजूला जा. तिथे तांब्याचा एक बारीक पाइप भिंतीतून बाहेर येऊन पुन्हा भिंतीकडे वळलेला दिसेल. हीटिंग चालू असताना त्याच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा आणि तीत पाणी जमतं का बघा, ते पाणी गरम असू शकतं, जपून. पांढरा प्लास्टिकचा पाइप वेगळा असतो, त्यातून थेंब पडणं साहजिक आहे.

आणि तोपर्यंत फार वेळा पाणी भरू नका. प्रत्येक वेळी नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि तो काळा गाळ सगळीकडे फिरतो. गंज रोखायला पाण्यात घातलेलं रसायनही पातळ होत जातं.

प्रतिसाद २

अगं, रेडिएटरचं मी सांगते, आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

कुठे गार आहे त्यावरून बरंच कळतं. वरचा भाग गार आणि खाली गरम असेल तर हवा अडकलेली असते. खाली मध्यभागी गार आणि वर गरम असेल तर गाळ बसलेला असतो. तुझा अख्खाच गार आहे, म्हणजे पाणी आत शिरतच नाहीये.

हीटिंग चालू असताना खालच्या दोन्ही पाइपांना हात लावून बघ, भाजणार नाही अशा बेताने. आकडे लिहिलेल्या गोल डोक्याच्या व्हॉल्व्हपर्यंत पाइप गरम आणि पुढे गार असेल तर त्या व्हॉल्व्हमधली पिन अडकली आहे. ती खोली उन्हाळाभर बंद होती का? महिनोन्‌महिने व्हॉल्व्ह बंद राहिला की पिन खाली दाबलेलीच राहते.

डोकं पाचावर फिरव, खालची रिंग हाताने सैल कर, डोकं वर उचललं जाईल. आत पेन्सिलच्या टोकाएवढी धातूची पिन दिसेल. एखाद्या सपाट वस्तूने हलकेच खाली दाब आणि सोड. ती स्प्रिंगसारखी वर यायला हवी. नसेल येत तर बाजूने टकटक कर, थोडं वंगण फवार. पक्कडीत धरून ओढू मात्र नकोस, ती उपसून हातात आली तर खोलीभर काळं पाणी होईल.

आणि एक विचारू? भिंतीवरचा थर्मोस्टॅट कुठे आहे? आमचा बैठकीच्या खोलीत होता, तिथे दुपारी ऊन यायचं. ती खोली वीस अंशांवर पोचली की बॉयलर थांबायचा आणि सासूबाईंच्या उत्तरेकडच्या खोलीत सोळाच्या वर कधी जायचंच नाही. बिनतारी थर्मोस्टॅट असेल तर उचलून आईंच्या खोलीत ठेव. फक्त मग त्या खोलीतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडत बसतात.

प्रतिसाद ३

गुरुवारचं थोडक्यात सांगतो. ते गुळगुळणं म्हणजे पांढरा पाइप गोठला होता. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता वापरतो, आणि ते पाणी त्या पाइपातून बाहेर जातं. बर्फाने तोंड बंद झालं की पाणी बॉयलरमध्ये मागे चढतं आणि तो स्वतःहून थांबतो. पुन्हा झालं तर कोमट पाणी पाइपावर ओता (उकळतं नको, प्लास्टिक तडकतं) आणि रीसेट करा. कायमचा इलाज म्हणजे बाहेरचा भाग जाड पाइपचा करून त्यावर फोमचं आवरण घालणं.

बॉयलरचं पुढचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. गॅसचं काम करणाऱ्याची गॅस सेफमध्ये (इथल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदवहीत) नोंदणी असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला तो कोणती कामं करू शकतो ते लिहिलेलं असतं, ते वाचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना घरात? आणि कधीही गॅसचा वास आला तर बॉयलर, बटणं काही न हाताळता बाहेर पडून ०८०० १११ ९९९ लावा.

धागाकर्ती

खूप आभार सगळ्यांचे. आकडे घेतले.

शनिवारी सकाळी सात वाजता, गार असताना: १.३. आठला: २.४. साडेआठला: २.९. दहा वाजता तांब्याच्या पाइपाला बांधलेल्या पिशवीत अर्धा पेला पाणी! रात्री बंद करून रविवारी सकाळी बघितलं तर ०.६. पाणी बाहेर जात होतं आणि आम्ही पाच आठवडे घरात टिश्यू तपासत होतो.

अलार्म आहे, बटण दाबून तपासला, चालू आहे. मागची खोली एप्रिलपासून बंदच होती, हेही बरोबर. दोन पाइपांपैकी एक चटका बसेल इतका गरम, पण व्हॉल्व्हच्या पुढे गार.

प्रतिसाद १

मग उत्तर जवळजवळ मिळालंच. पाणी तापलं की वाढतं. शंभर लिटर पाणी दहा अंशांवरून सत्तरवर नेलं तर साधारण दोन लिटरनं वाढतं. बंद पाइपांत या दोन लिटरना जागा हवी, म्हणून बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल नावाचा चपटा डबा असतो. त्यात मधे रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी वाढलं की हवा दबते आणि काटा फार चढत नाही. वर्षानुवर्षांत ही हवा हळूहळू निघून जाते. मग वाढलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, प्रेशर ३ बारला पोचतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि त्या तांब्याच्या पाइपातून पाणी बाहेर फेकतो. गार झाल्यावर तेवढं पाणी कमी पडतं आणि काटा खाली येतो.

गॅसवाल्याला फोनवर हेच आकडे वाचून दाखवा आणि व्हेसलची हवा तपासायला सांगा. त्याला गाडीच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. बॉयलरमधलं प्रेशर आधी उतरवून मग हवा भरावी लागते. व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, मग व्हेसल बदलायचं. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलून घ्या. एकदा उघडला की त्याच्या बैठकीत कचरा अडकतो आणि नंतर तो नीट बसत नाही.

धागाकर्ती

दहा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

दुसऱ्या गॅसवाल्याला बोलावलं. आकड्यांचा कागद दाखवल्यावर तो सरळ बाहेरच्या पाइपाकडेच गेला. व्हेसलमध्ये हवा जवळजवळ शिल्लकच नव्हती, पण पडदा शाबूत होता. हवा भरली, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, पाण्यात गंजरोधक घातलं, दीड तास लागला. तेव्हापासून गार असताना १.३, तापल्यावर १.७. रोज बघते, हललेला नाही. नवीन बॉयलरचा विषय त्याने काढलासुद्धा नाही.

पिन मी स्वतः सोडवली. तीन-चारदा दाबल्यावर टुपकन वर आली आणि पाइपातून पाण्याचा आवाज सुरू झाला. आई शेजारीच खुर्चीवर बसली होती. रेडिएटरला तळवा लावून म्हणाली, “अगं, हा तर आपल्या बंबासारखा तापला.” थर्मोस्टॅट आता तिच्या टेबलावर आहे, वीस अंशांवर. हीटर माळ्यावर गेला.

पाइपावर फोम या शनिवारी बसवणार आहे. त्याबद्दल एक शंका: आमचा बाहेरचा भाग सुमारे दोन मीटर आहे आणि जेमतेम २१.५ मिमीचा आहे. फक्त फोमवर भागेल, की ३२ मिमीचा पाइप घालून घ्यावाच लागेल? आई मार्चपर्यंत आहे, त्याआधी करायचं असेल तर लगेच माणूस बघते.